मनोरुग्ण वॉर्डातल्या सिस्टरना खुले पत्र

सिस्टर,

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तुमच्या नोंदी वाचल्यात म्हटलं की तुम्ही ओळखालच. डॉक्टर राउंडला येतात, खाटेशी घटकाभर थांबतात आणि तुम्ही रात्रभर लिहिलेलं वाचून डोस ठरवतात. एवढी सत्ता नगरसेवकालाही नसते.

भिवंडीच्या आमच्या शेजाऱ्याने रमजानात सकाळची गोळी नको म्हटलं. तुम्ही लिहिलंत, ‘औषध नाकारतो.’ नवरात्रात एका काकांनी गोळी फराळानंतर मागितली, तर लगेच वेळ बदलून दिलीत. तेव्हा तुमचं सांस्कृतिक भान काय लख्ख होतं! मनोविकारावर लिथियम घेणाऱ्याने दिवसभर पाणी सोडलं तर रक्तातलं औषध विषारी पातळीला जाऊ शकतं. म्हणजे रोज्याची चौकशी हे लाड नव्हेत, तुमचं कामच. आजाऱ्याला रोजा माफ असतो, हे घरच्यांनीच त्याला समजावलं असतं. पण ते भेटीला येत नाहीत, म्हणून त्यांची नोंद ‘बेफिकीर’. यंत्रमागावर मजुरी मीटरवर मिळते. भेटीच्या वेळी ठाण्याला रुग्णालयात आलं की ती बुडते. असो.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने वंश, धर्म, संस्कृती पाहून मनोविकार ठरवायला मनाई केली आणि रुग्णाला कळेल त्या भाषेत माहिती द्यायला सांगितलं. तुमची परंपरा मात्र फार जुनी. अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने 1851 साली, मालकाकडून पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांसाठी खास आजार शोधून काढला होता. त्यावरचा उपाय चाबूक. तुम्ही बिचाऱ्या नुसतं पेन वापरता.

आणि आमच्या शेजाऱ्याबद्दलची ती नोंद तर केवळ अप्रतिम: ‘आक्रमक. ओरडून बोलतो. तोंडाकडे टक लावून बघतो.’ अहो, बारा-बारा तास यंत्रमागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काढली की कान जातात. मग माणूस ओरडूनच बोलतो आणि समोरच्याच्या ओठांवरून शब्द ओळखतो. त्यातून त्याची भोजपुरी, तुमची घाईतली मराठी. कान तपासायला त्याला कुणी पाठवलं नाही. झोपेचं इंजेक्शन मात्र वेळेवर मिळालं.

एखाद्या सुटीच्या दिवशी आमच्या कारखान्यात या. चहा देऊ. शेडमध्ये मला काही विचारायचं झालं तर तुम्हाला घसा ताणावा लागेल, आणि मी काय म्हणतो ते कळायला माझ्या तोंडाकडे बघावं लागेल. वही माझ्या हातात असेल. तुमच्याबद्दल काय लिहायचं, तेवढं आधी कळवून ठेवा.

आपला,
भिवंडीकर शेजारी