बाहेरून पाठिंबा

ठाकूरद्वारच्या चाळींत सायकल लावायला जागा नाही, पण बोटीला इंजिन कुठलं घ्यावं यावर प्रत्येक मजल्यावर दोन पक्ष आहेत. निमित्त एका शेजाऱ्याचं. पुनर्विकासाचे पैसे हाती आले, अलिबागकडे जागा झाली, आता वीस फुटी बोट हवी. आउटबोर्ड की इनबोर्ड डिझेल?

मराठी माणसाला हे समजावायला मेकॅनिक कशाला? आउटबोर्ड म्हणजे बाहेरून पाठिंबा. इंजिन, गिअर, पंखा, सगळं एकत्र बोटीच्या पाठीला टांगलेलं. बिनसलं की काढून न्यायचं. इनबोर्ड म्हणजे मंत्रिमंडळात सामील. बोटीच्या पोटात ठाण मांडून बसतं, जागा खातं, वजन वाढवतं, आणि काढायचं म्हटलं की निम्मी बोट उसकटते. 2014 साली भाजपला पहिला प्रकार राष्ट्रवादीने देऊ केला. डिसेंबरात शिवसेना दुसऱ्या प्रकाराने आत शिरली. चालली पाच वर्षं, पण खिशातले राजीनामे सतत खडखडत होते.

डिझेलवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. आउटबोर्ड बहुतेक पेट्रोलवर चालतं आणि पितंही भरपूर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचली तर एक ठिणगी पुरते. डिझेल त्या मानाने थंड डोक्याचं. कोळीवाड्यातल्या मोठ्या नौका दिवसचे दिवस समुद्रात असतात, त्यांना पोटातलं डिझेल इंजिनच परवडतं. शिवाय सरकार मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा परतावा देतं. (कधी देतं, ते विचारू नका.) शेजाऱ्याला तो मिळायचा नाही. तो मासे नाही, फोटो काढणार आहे.

मधला मार्गही आहे: डिझेलचं आउटबोर्ड. स्वीडनमध्ये 300 अश्वशक्तीचं बनतं. किंमत ऐकल्यावर पुनर्विकास पुन्हा करावा लागेल.

या सगळ्या वादात भरती-ओहोटीचं नाव कोणी काढलं नाही. चौपाटी चालत जाण्याच्या अंतरावर असून! 2025 मध्ये लालबागच्या राजासाठी नवा कोरा यांत्रिक तराफा आला आणि ऐन भरतीत सगळंच अडलं. सकाळी चौपाटीवर पोचलेल्या राजाचं विसर्जन व्हायला रात्र झाली. यंत्र भारी होतं, पाण्याला त्याचं कौतुक नव्हतं.

इनबोर्डचा पंखा आणि सुकाणू तळाखाली कायमचे. ओहोटीला वाळूत रुतले की बसा पुढच्या भरतीची वाट पाहत. आउटबोर्ड वर उचलता येतं आणि बोट किनाऱ्याला लागते. तेव्हा सुट्टीच्या दिवशी तासाभराची फेरी मारणाऱ्याने आउटबोर्डच घ्यावं. रोज दहा तास बोट हाकून पोट भरायचं असेल तर डिझेल.

आणि पैसे मोजण्याआधी, जिथे बोट लावणार त्या बंदरात जाऊन विचारा, इथला मेकॅनिक कुठल्या कंपनीचं इंजिन उघडतो. तेच घ्या.