चालू लाइनीवर

आमच्या धंद्यात दर वर्षा-दोन वर्षांनी दवंडी पिटली जाते की, तुम्ही शिकलात ते सगळं आता जुनं झालं. मी नोकरीला लागले तेव्हा जेक्वेरी येणाऱ्यांचा तोरा काही विचारू नका. २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट आलं आणि तो उतरला. अँग्युलरवर हात बसतोय न बसतोय तोच २०१६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. पहिलीशी तिचं नातं नावापुरतंच, म्हणजे पाटी पुन्हा कोरी. मग ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि दवंडीवाल्याला नवाच कंठ फुटला. आता म्हणे भाषाबिषा सोडा, तुम्हीच जुने झालात.

गंमत अशी की, जे खरोखर जुनं आहे ते जागचं हलत नाही. कोबोलचा जन्म १९५९ चा, म्हणजे माझ्या वडिलांपेक्षा, आमच्या अप्पांपेक्षा, ती थोडीशीच धाकटी. बँकांचे कितीतरी व्यवहार अजून तिच्याच अंगावर आहेत. शतक संपताना वाय-टू-केचा घोळ निस्तरायला हीच भाषा कामी आली आणि गल्लीबोळांतल्या क्लासमध्ये ती शिकून कितीतरी मराठी मुलं थेट अमेरिकेच्या विमानात बसली. नंतर तिचं नाव घेणंही कमीपणाचं झालं. आणि एप्रिल २०२० मध्ये, करोनात बेकारभत्त्याच्या अर्जांनी न्यू जर्सीची यंत्रणा गुदमरली, तेव्हा तिथल्या गव्हर्नरांनी पत्रकारांपुढे येऊन जाहीर हाक दिली: कोबोल येणारं कुणी आहे का? निवृत्तीनंतर बागकाम करणारे किती आजोबा त्या दिवशी बायकोकडे बघून गालात हसले असतील, कोण जाणे.

तेव्हा दमायला होतं ते कामाने होतं, असं मला वाटत नाही. कामात मजा आहे. दुपारभर छळणारा बग सहा वाजता एका चुकलेल्या कंसात सापडतो, तेव्हाचा आनंद मी कुणाला समजावूनही सांगू शकत नाही. दमवतं ते हे, की काम चालू असताना आपण मागे पडतोय ही भुणभुणही चालूच असते. रविवारी भाजी निवडतानासुद्धा डोक्यात एक कोर्स अर्धवट राहिलेला असतो. नवरा म्हणतो, सोड गं. तोही आयटीतलाच, त्याचे दोन राहिलेत.

यावर कंपन्यांनी उपाय काढलाय, वेलनेस. माझ्या मनगटावर कंपनीने दिलेलं घड्याळ आहे, ते तासाभराने सांगतं, उठा. त्याच वेळी लॅपटॉप सांगतो, मीटिंग सुरू होतेय, बसा. ध्यानाचं एक अ‍ॅप आहे. त्यात रोज न चुकता शांत बसलात तर साखळी वाढते. आमच्या टीममधल्या एका मुलाची साखळी प्रवासात तुटली, तर तो दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगांच्या यादीच्या नव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची नोंद घेतली. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ आवरता न आलेल्या ताणाचा हा परिणाम, असं स्पष्ट लिहिलं आणि हा वैद्यकीय आजार नाही, असंही लिहून टाकलं. म्हणजे व्हायचा तो होणार, पण मेडिक्लेमवाल्याला दाखवायला काही नाही.

खरं तर आमच्या पोथीत हे सगळं आधीच आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. आम्ही रोज सकाळी उभं राहून (आता घरी बसून) जे काय करतो, ते सगळं त्याच्याच नावावर खपतं. त्याच्या बारा तत्त्वांत एक असं आहे की, कामाची गती सगळ्यांना कायम झेपेल अशी असावी. बाकीची अकरा आमच्याकडे भिंतीवर लावलीत की काय, अशी मला शंका आहे.

मागच्या पावसाळ्यात माझी ऑन-कॉलची पाळी होती. ऑन-कॉल म्हणजे रात्री सिस्टिम पडली तर फोन तुम्हाला वाजणार आणि तुम्ही उठणार. तसा तो वाजला. अप्पा आमच्याकडे राहायला आलेले. ते आधी जागे झाले. मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसले आणि दिसलं असं की, सर्व्हरची डिस्क भरलीय. कशाने भरली म्हणून बघायला गेले, तर एक भलीमोठी लॉग फाइल. उघडली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच मजकूर: सिस्टिम ठीक आहे. पुन्हा, सिस्टिम ठीक आहे. सेकंदाला एक ओळ, कित्येक महिने. कुणीतरी काळजीपोटी लिहिलेला तो छोटा प्रोग्रॅम होता. लिहिणारा दोन नोकऱ्या पुढे निघून गेला होता आणि त्याचा प्रोग्रॅम इमानेइतबारे सगळं ठीक असल्याचं सांगत राहिला, अगदी त्या सांगण्यानेच जागा संपून सगळं आडवं होईपर्यंत. मला हसू आलं. सकाळच्या कॉलवर आम्ही सगळे ‘ऑल गुड’ म्हणतो, ते आठवलं.

अप्पांनी चहा टाकला. अप्पा म्हणजे वीज मंडळातले निवृत्त लाइनमन. रात्री-अपरात्री बोलावणं येण्याचं त्यांना नवल नाही. खांबावरचा डीओ फ्यूज उडाला म्हणून भर पावसात शिडी खांद्यावर टाकून निघालेले अप्पा मी लहानपणी पाहिलेत. माझ्या नोकरीतलं त्यांना काही कळत नाही, असा माझा समज होता. त्यांनी कप ठेवला, पडद्यावर पळणाऱ्या ओळी बघितल्या आणि विचारलं,

“परमिट घेतलंस का?”

“कसलं परमिट, अप्पा?”

“लाइन बंद असल्याचं! का तशीच हात घालतीयास?”

लाइनमन पोलवर चढायच्या आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरला सांगून फीडर बंद करून घेतो. वहीत नोंद होते, सही होते. तेच परमिट. मग जागेवर दोन्ही बाजूंनी अर्थिंग करायचं, कारण कुणाच्या तरी जनरेटरचा उलटा करंट येऊन माणूस दगावल्याचे किस्से त्या खात्यात हवे तितके. काम झालं की ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. तोवर साहेब येवो, आमदाराचा फोन येवो, लाइन चार्ज होत नाही. गावाने शिव्या घातल्या तरी नाही. आणि गाव शिव्या घालायचंच. अप्पांची नोकरी सुखाची होती असं मुळीच म्हणायचं नाही मला. त्यांच्या दोन सोबत्यांचे फोटो हार घालून ऑफिसात लागलेले मी पाहिलेत. पण माणूस वर आहे तोवर खाली वीज नाही, एवढी गोष्ट कागदावर होती आणि तिच्याखाली सही होती.

मी सांगितलं, “आमच्यात बंद नसतं करता येत. इथं रात्र असली तरी तिकडं अमेरिकेत दुपार आहे. माणसं वापरतायत.”

“म्हणजे चालू लाइनीवर?”

“रोजच.”

अप्पा काही बोलले नाहीत. पण नंतर आईला फोनवर सांगताना मी ऐकलं, “पोरगी पगार बक्कळ घेतीया, पण काम जोखमीचं हाय.” इतकी वर्षं आई-वडिलांना माझं काम समजावण्याचा खटाटोप चालला होता, तो असा सुटला. चुकीचा सुटला म्हणावं, तर तसंही नाही.

कारण चालू लाइनीवर फक्त सर्व्हर नसतो, आम्हीही असतो. सुट्टी मंजूर होते, पण अर्जात ‘सुट्टीत संपर्क क्रमांक’ असा रकाना असतो. हिंजवडीहून घरी निघालेली बस वाकडच्या पुलाखाली अडकते, तेव्हा निम्म्या सीटवर लॅपटॉप उघडे दिसतात. तेवढ्यात एक कॉल होऊन जातो. घड्याळ आम्हाला श्वास घ्यायला सांगतं. फीडर बंद करायला कुणी सांगत नाही, कारण ती सही कुणाच्या अधिकारात येते हेच कुठे लिहिलेलं नाही.

एकाच माणसाने स्वतःचं परमिट स्वतः लिहून घेतलेलं मला ठाऊक आहे, डोनाल्ड कनूथ. गणिताची पुस्तकं जगभर ज्यावर जुळवली जातात ते ‘टेक’ हे सॉफ्टवेअर त्यांचं. त्यांनी १ जानेवारी १९९० पासून ई-मेल वापरणंच बंद केलं. पंधरा वर्षं वापरलं, एका जन्माला तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं. काम असेल तर पोस्टाने पत्र पाठवा. त्यांच्या पुस्तकातली चूक शोधून देणाऱ्याला ते दोन डॉलर छप्पन्न सेंटचा चेक द्यायचे (दोनशे छप्पन्न हा आमच्या गोतावळ्यातला पवित्र आकडा), आणि लोक तो न वटवता फ्रेम करून लावायचे. पण ‘टेक’मधल्या चुका आल्या आल्या ते धावत नाहीत. साठू देतात. २०१४ मध्ये त्यांनी साठलेला गठ्ठा पाहिला, त्यानंतर २०२१ मध्ये. दर खेपेला आवृत्तीच्या क्रमांकात पायच्या किमतीतला पुढचा एक अंक वाढतो. आपल्यामागे कुणी त्यात हात घालू नये, क्रमांक पाय असा कायमचा व्हावा आणि उरलेल्या चुका या चुका न मानता सॉफ्टवेअरचे गुण मानाव्यात, असं त्यांनी लिहून ठेवलंय. हे शेवटचं वाक्य आमच्या क्लायंटला एकदा ऐकवावं असं फार मनात आहे. अर्थात, कनूथ यांना वाकडच्या फ्लॅटचा हप्ता भरायचा नव्हता.

आम्हाला परमिटसारखं जे मिळतं, ते वर्षातून एकदा. त्याला फ्रीज म्हणतात. थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला तिकडे खरेदीचा हंगाम सुरू होतो आणि नव्या वर्षापर्यंत चालू कोडला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघतो. मायेपोटी नव्हे, धंद्यापोटी. हात लावला की काय होतं, ते १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाने पाहिलंय. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीचं एक अपडेट गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. वार शुक्रवार होता. शुक्रवारी डिप्लॉय करू नये, हे आमच्यातलं शेंबडं पोर सांगेल. पण ऐकतो कोण?

तर फ्रीज लागला की रात्रीचे फोन एकदम कमी होतात. आम्ही कुणी काही सुधारत नाही, त्यामुळे फारसं काही बिघडत नाही. दुपारी जेवायला सगळे एकत्र जातात आणि कुणी ताटाशेजारी फोन उपडा घालून ठेवत नाही. परवा हे अप्पांना सांगितलं, तर त्यांना मनापासून बरं वाटलं.

“मग या दिवसांत काय करता तुम्ही?”

“अप्रेजलचा फॉर्म भरायचाय. आणि ताण कमी कसा करावा याचा एक ऑनलाइन कोर्स राहिलाय. शुक्रवारपर्यंत पुरा केला नाही, तर मॅनेजरला मेल जातो.”