तो फ्रेडी नाही

‘क्वीन + ॲडम लॅम्बर्ट’ हा २०१२पासून जगभर होत आलेला गाण्याचा कार्यक्रम असून, ‘क्वीन’ या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी त्यात नाही ही मुख्य बातमी होय. ही बातमी प्रत्येक शहरात नव्याने फुटते. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये वारला, हे सर्वांना ठाऊक असते. बँडबरोबर तो शेवटचा गायला ते ९ ऑगस्ट १९८६ रोजी, नेबवर्थच्या मैदानात, हेही चाहत्यांना तोंडपाठ असते. तरीसुद्धा महागडे तिकीट काढून, रांगेत ताटकळून, खुर्ची शोधून बसल्यावर पडद्याआडून जो बाहेर येतो तो फ्रेडी नाही, हे पाहून मनापासून दुखावणारा एक वर्ग प्रत्येक सभागृहात सापडतो. लॅम्बर्ट स्वतःच माइक हातात घेऊन सांगतो, की मी काही फ्रेडी नव्हे, मीही तुमच्यासारखा त्याचा चाहताच आहे. यावर टाळ्या पडतात. टाळ्या संपल्या की तो वर्ग शेजारच्याच्या कानात सांगतो, ‘बघा, कबूल केलंन.’

मूळ चौघांपैकी दोघे या कार्यक्रमात असतात. गिटारवर ब्रायन मे आणि ड्रमवर रॉजर टेलर. मे यांनी तरुणपणी अर्धवट सोडलेला खगोलभौतिकीचा प्रबंध पुरा करून २००७ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून पीएच.डी. मिळवली. चाहत्यांना या गोष्टीचे अपार कौतुक आहे, कारण क्वीनच्या साऱ्या इतिहासात एवढे एकच प्रकरण असे आहे की ज्यात ‘फ्रेडीने हे जास्त चांगलं केलं असतं’ असे म्हणता येत नाही. चौथा गडी जॉन डीकन १९९७ नंतर घरी बसला आणि त्याने पुन्हा मंचाकडे वळून पाहिले नाही. त्याने केलेले ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे बँडच्या सर्वांत खपलेल्या गाण्यांपैकी एक. ते तर बेसवरच उभे आहे, आणि आता तो बेस दुसराच कुणी वाजवतो. तो डीकन नाही म्हणून हळहळणारा माणूस शोधावाच लागेल. बेसवाल्याच्या नशिबी भक्त नसतात आणि त्यामुळे वारसही सुखाने नांदतात.

गायकाच्या जागेचे मात्र तसे नाही. तिचा सातबारा तपासल्यावर काही अडचणीच्या नोंदी हाती लागतात. क्वीनच्या आधी मे आणि टेलर यांचा ‘स्माइल’ नावाचा बँड होता आणि त्यात टिम स्टाफेल गात असे. १९७० साली स्टाफेल तो बँड सोडून दुसरीकडे गेला. रिकाम्या जागेवर त्याच्याच आर्ट कॉलेजातला एक मित्र आला, फारुख बुलसारा. त्याने आधी बँडचे नाव बदलले, मग स्वतःचे. म्हणजे या घराण्यातला पहिला बदली गायक खुद्द फ्रेडीच. ‘टिमची सर याला नाही’ असे म्हणणारा कुणी तेव्हा लंडनमध्ये असेल, तर गेली पन्नास वर्षे त्याने तोंड उघडलेले नाही.

फ्रेडीनंतर जागा रिकामी झाली आणि दावेदार पुढे आले. काही तर न येताच पुढे केले गेले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्लीला फ्रेडीच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला. डेव्हिड बोवी, एल्टन जॉन, ॲक्सल रोझ, ॲनी लेनक्स असे एकेक येऊन गाऊन गेले. त्यात जॉर्ज मायकलने ‘समबडी टू लव्ह’ असे काही गायले की चाहत्यांनी त्याच रात्री त्याची परस्पर नेमणूक करून टाकली. त्याने अर्ज केला नव्हता. त्याची स्वतःची कारकीर्द उत्तम चालली होती आणि ती सोडून दुसऱ्याच्या बँडमध्ये रुजू होण्याचे त्याला कारणही नव्हते. पुढची चोवीस वर्षे त्याने हजेरी न लावल्याने त्याची पात्रता वाढतच गेली. २०१६च्या नाताळात तो गेला आणि आता त्याच्या निवडीला आव्हान देणे कुणालाच शक्य नाही. न घेतलेल्या नोकरीत चुका होत नाहीत.

ज्याने ती नोकरी घेतली त्या पॉल रॉजर्सचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. ‘फ्री’ आणि ‘बॅड कंपनी’ या बँडांमध्ये नाव कमावलेला हा गायक. आवाज भरदार, ढंग ब्लूजचा, वावर साधा. २००४ ते २००९ तो क्वीनबरोबर राहिला. २००८ साली ‘द कॉसमॉस रॉक्स’ हा नवा अल्बमही निघाला. रॉजर्सने फ्रेडीची नक्कल करायचे कटाक्षाने टाळले. यावर चाहत्यांचा आक्षेप असा होता, की हा मुळीच फ्रेडीसारखा नाही.

रॉजर्स बाहेर पडला त्याच २००९ साली ‘अमेरिकन आयडॉल’च्या आठव्या पर्वात ॲडम लॅम्बर्ट नावाचा मुलगा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ गाऊन परीक्षकांपुढे उभा राहिला. अंतिम फेरीच्या मंचावर मे आणि टेलर त्याच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या साथीला आले. लॅम्बर्ट दुसरा आला. पहिला आलेल्या क्रिस ॲलनला पुढे या भानगडीत पडावे लागले नाही, हे त्याचे खरे बक्षीस. लॅम्बर्टचा आवाज तीन मजले चढतो, डोळ्यांत काजळ असते, अंगावर चमचम असते, आणि आपण समलिंगी आहोत हे तो उघड सांगतो. यावर त्याच चाहत्यांचा आक्षेप असा, की हा फ्रेडी व्हायला बघतो. दोन्ही आक्षेप एकाच माणसाने घेतलेले आढळतात, मध्ये फक्त काही वर्षे जातात.

जुळवाजुळवीला वेळ लागला. २०११ साली बेलफास्टला एमटीव्हीच्या युरोपीय पुरस्कार सोहळ्यात तिघे थोडा वेळ एकत्र वाजले. पहिला पूर्ण कार्यक्रम ३० जून २०१२ रोजी कीवच्या मुख्य चौकात झाला. एड्सविरोधी कामासाठीचा आणि विनामूल्य. चाहत्यांच्या इतिहासात विनामूल्य कार्यक्रमाविषयी तक्रारी नेहमीच कमी असतात. त्याच उन्हाळ्यात नेबवर्थलाही गायचे ठरले होते, म्हणजे फ्रेडी जिथे शेवटचा गायला नेमके तिथेच. पण तो महोत्सवच रद्द झाला. निष्ठावंतांनी यात दैवी संकेत पाहिला. तशी त्या महोत्सवातली इतर सगळी मंडळीही रद्द झाली होती, पण दैव कुणासाठी बोलले हे ज्याने त्याने ठरवायचे असते.

प्रेक्षागृहातला श्रोतृवर्ग एकजिनसी नसतो. फ्रेडीला प्रत्यक्ष ऐकलेले बहुतेक लोक आता साठीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांचा राग कडक असेल असे वाटते, पण प्रत्यक्षात हेच सर्वांत मवाळ निघतात. गुडघे धरून का होईना, उभे राहून नाचतात आणि ‘पोरगा बरा गातो’ म्हणून घरी जातात. खरी धार असते ती १९८६ नंतर जन्मलेल्यांच्या जिभेला. यांनी फ्रेडीला पाहिले ते १३ जुलै १९८५च्या ‘लाइव्ह एड’च्या वीस-एकवीस मिनिटांच्या चित्रणात आणि २०१८च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या सिनेमात. सिनेमात रॅमी मॅलेकने फ्रेडी केला आणि गाण्यांत आवाज बहुतांशी फ्रेडीच्या मूळ ध्वनिमुद्रणांचा, काही ठिकाणी मार्क मार्टेल या कॅनेडियन गायकाचा वापरला. म्हणजे ज्याने गायले नाही त्याला लोकांनी फ्रेडी म्हणून डोक्यावर घेतले, ऑस्करही मिळाले, आणि त्याच समारंभाची सुरुवात रंगमंचावर खरोखर गाऊन करणारा लॅम्बर्ट मात्र तोतया ठरला. सिनेमा हे माध्यम या बाबतीत फारच उपकारक आहे.

तिसरा गट लॅम्बर्टच्या स्वतःच्या अनुयायांचा, म्हणजे ‘ग्लॅम्बर्ट’ मंडळींचा. यांना क्वीनविषयी आदर आहे, कारण ॲडमच्या साथीला बरे वादक मिळाले आहेत. ब्रायन मे एकटेच बराच वेळ गिटार वाजवू लागले की हा गट पाण्याच्या बाटलीच्या शोधात बाहेर पडतो. नेमक्या त्याच वेळी जुने चाहते आत धावत असतात. दारातल्या या भेटीत दोन्ही बाजूंना एकमेकांच्या अभिरुचीविषयी जे वाटते ते नजरेतून पोहोचते.

कार्यक्रमातला पहिला खडा सामना ‘किलर क्वीन’ला होतो. लॅम्बर्ट एका जांभळ्या कोचावर आडवा पडून, हातातला पंखा हलवत हे गाणे म्हणतो. सुरुवातीच्या दौऱ्यांत तो तोंडात शॅम्पेनचा घोट घेऊन पुढच्या रांगेवर फवाराही मारत असे. भिजलेल्यांपैकी काहींनी तो तीर्थासारखा मानला आणि काहींनी रुमाल काढला. फ्रेडीने असा थिल्लरपणा कधी केला नसता, असे मत या ठिकाणी ऐकू येते. नोंद म्हणून सांगायचे तर फ्रेडी १९८६ साली राजमुकुट आणि पायघोळ झगा घालून मंचावर फिरत होता, आणि एका व्हिडिओत त्याने स्कर्ट व मिशा यांसह घर झाडले होते. पण तो थिल्लरपणा अभिजात होता.

दुसरा वाद वरच्या सुरांचा. फ्रेडीच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या. दौऱ्यावर रोज गाताना गळा सांभाळावा लागे, म्हणून रेकॉर्डवर ज्या जागा तो लीलया घेतो त्या मंचावर अनेकदा खाली उतरवून घेई. टिपेच्या जागा कधी टेलर सांभाळी, कधी हजारो प्रेक्षक. लॅम्बर्ट त्याच जागा रोज रात्री वरच घेतो आणि वर दोन हरकती जोडतो. त्याच्यावर ठपका असा, की तो फार वर जातो, फार हरकती घेतो, आणि मूळ चाल सोडतो. मूळ चाल म्हणजे रेकॉर्डवरची, की फ्रेडी प्रत्यक्ष गायचा ती, हा प्रश्न विचारू नये. विचारणाऱ्याला ‘तुला भावना कळत नाहीत’ असे उत्तर मिळते, आणि भावना म्हणजे नेमका कोणता सूर हे कुणी लिहून ठेवलेले नाही.

या वादात अलीकडे इंटरनेटवरच्या गायनशिक्षकांची भर पडली आहे. हे लोक लॅम्बर्टचे चित्रण दर पाच सेकंदांनी थांबवतात, डोळे विस्फारतात, छातीवर हात ठेवतात आणि आपण हे गाणे आयुष्यात प्रथमच ऐकत आहोत असे सांगतात. पन्नास वर्षे साऱ्या जगात वाजणारे गाणे ज्याच्या कानी कधी पडले नाही, त्याला गळ्याची शास्त्रीय बाजू विचारावी का, हा भाग वेगळा.

सभागृहात एकमत होते ते मात्र लॅम्बर्ट आत गेल्यावर. मे एका स्टुलावर बसून ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ सुरू करतात. हजारो लोक मोबाइलचे दिवे लावून गातात, आणि शेवटी पडद्यावर फ्रेडी प्रकट होऊन एक-दोन ओळी म्हणतो. मे डोळे पुसतात. साठीचे, विशीचे, ग्लॅम्बर्ट, आणि केवळ बायकोने आणले म्हणून आलेले नवरे, सगळेच एकदम रडतात. हा प्रसंग दर कार्यक्रमात ठरलेल्या वेळी येतो म्हणून तो खोटा ठरत नाही. चित्रण तेच, ओळी त्याच, आणि रडूही खरेच येते. ज्या कार्यक्रमावर ‘मेलेल्याच्या नावावर धंदा’ असा आरोप होतो, त्यात मेलेल्याचा भाग कमी करा अशी मागणी अजून कुणी केलेली नाही. पुढे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तला मधला ऑपेरा येतो. तो फ्रेडीच्या काळातही टेपवरूनच लावत, कारण तितके आवाज चौघांच्या गळ्यांतून मंचावर निघणे शक्यच नव्हते. तेवढ्यात मंडळी आत जाऊन कपडे बदलत. आजही टेपच लागते, पडद्यावर १९७५चे जुने चेहरे येतात. अस्सल प्रत्यक्ष गायनाचा आग्रह धरणाऱ्यांची सर्वांत जोरदार दाद या भागाला मिळते.

इतर घराण्यांतही कमीअधिक हेच चालते. ‘जर्नी’च्या नील शॉनला २००७ साली इंटरनेटवर फिलिपिन्सचा आर्नेल पिनेडा सापडला. त्याचा दोष म्हणजे तो जुन्या स्टीव्ह पेरीसारखा हुबेहूब गातो. २०१६ साली ‘एसी/डीसी’च्या ब्रायन जॉन्सनला कानाच्या त्रासामुळे थांबावे लागले आणि त्याच्या जागी ॲक्सल रोझ आला, तोही पाय मोडलेला, उसन्या सिंहासनावर बसून. बेल्जियममध्ये हजारोंनी तिकिटे परत केली. जॉन्सन स्वतः १९८० साली बॉन स्कॉट वारल्यावर त्याच्या जागी आला होता, पण छत्तीस वर्षे टिकलेला बदली माणूस मूळचाच समजला जातो. लॅम्बर्टनेही २०२४च्या जपान दौऱ्यापर्यंत एक तप भरले आहे. फ्रेडीची क्वीनबरोबरची मंचावरची कारकीर्द सोळा वर्षांची. गणित अवघड नाही, म्हणून काही चाहते आतापासूनच अस्वस्थ आहेत.

या विषयाची मराठी शाखा आकाराने लहान, पण हक्काच्या बाबतीत कडवी आहे. झांझिबारला जन्मलेला फ्रेडी हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथल्या ‘हेक्टिक्स’ या पोरांच्या बँडमध्ये तो पियानोवर असे, आणि पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच होता. फ्रेडी असताना क्वीन कधी भारतात वाजले नाहीत. त्यामुळे इथल्या चाहत्याने फ्रेडी ऐकला तो कॅसेटवर आणि लॅम्बर्ट ऐकला तो मोबाइलवर. निकाल द्यायला एवढा पुरावा पुरतो. टेबललँडवरून उतरताना, गाडीच्या मागच्या सीटवर स्ट्रॉबेरीची खोकी सांभाळत, असा चाहता सांगतो, की आवाज वगैरे ठीक आहे, पण पाचगणीचं पाणी ते पाणी. इंडियानापोलिसला जन्मलेल्या आणि सॅन डिएगोत वाढलेल्या माणसाकडे यावर उत्तर नाही.