स्कीमवाले काका

दुकानात शिरल्यावर काका किंमत विचारत नाहीत. ‘यावर काय आहे?’ असं विचारतात. वाण्याला सवय झाली आहे. चहाच्या मोठ्या पुड्यावर काचेचा मग, चार साबणांवर एक साबण, टूथपेस्टवर ब्रश, अशी यादी तो न विचारताच म्हणून दाखवतो. ब्रशवाली टूथपेस्ट काकूंना जिभेला झोंबते. पण घरात तीच येते, कारण ब्रश. आता ब्रश इतके साठलेत की एकाने काकू पाटल्या घासतात, एकाने खिडकीच्या खाचा, आणि एक मिक्सरच्या पात्याखालच्या चटणीसाठी राखून ठेवलाय. दात मात्र काका जुन्याच ब्रशने घासतात. ‘अजून चांगला आहे की!’

डोंबिवली पूर्वेला असे काका बरेच भेटतात. निवृत्त, तब्येत ठणठणीत, हातात कापडी पिशवी (तीही कुठल्याशा सराफाने पाडव्याला दिलेली) आणि मोबाइलमध्ये ऑफरचे स्क्रीनशॉट. नातवाचे फोटो त्यानंतर.

काकांना चिक्कू म्हणणारे लोक चुकतात. चिक्कू माणूस खर्च करत नाही. काका करतात, स्कीम असेल तर हात सैल सोडून करतात. १९९९ साली ‘ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ’ आलं, तेव्हा बिस्किटांच्या पुड्यांवर रन छापलेले असायचे आणि शंभर रन जमवले की बक्षिसाची पुस्तिका मिळायची. काकांच्या घरी त्या उन्हाळ्यात पोहे बंद झाले. येईल त्या पाहुण्यापुढे बिस्किटं, आणि पाहुणा उठला की रॅपरची बेरीज. काका काही इंग्लंडला गेले नाहीत. आपली टीम गेली आणि सुपर सिक्समधूनच परत आली, म्हणून काकांचं दुःख जरा हलकं झालं.

पण खरी धमाल २०१९ च्या दिवाळीत. गुगल पेने पाच स्टँप जमवायला लावले होते : दिवा, कंदील, झुमका, फूल आणि रांगोळी. पाचही जमले की २५१ रुपये. बाकीचे दणादण मिळत, रांगोळी काही केल्या निघेना. अख्खा देश एकमेकांकडे रांगोळी मागत होता. काकांनी भाच्याला विचारलं, व्याह्यांना विचारलं, भाऊबंदकीत बोलणं तुटलेल्या चुलतभावालाही फोन लावला. ‘तुझ्याकडे जादा रांगोळी आहे का?’ स्टँप मिळावा म्हणून हॉलमधून स्वयंपाकघरातल्या काकूंना पैसे पाठवायचे, काकूंनी ते परत पाठवायचे. दारात काकू रोज ठिपक्यांची रांगोळी घालत होत्या, तिच्यावरून काका मोबाइलमध्ये बघत बघत गेले. पाय पडला तेव्हा ‘अगं, इथे कुठे काढलीस!’ म्हणाले.

फुकटाचं हे वेड शास्त्रज्ञांनी मोजलंही आहे. डॅन अरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. टेबलावर दोन चॉकलेटं मांडली : एक उंची, १५ सेंटला, एक साधं, एका सेंटला. बहुतेकांनी उंची घेतलं. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली. उंची १४ ला, साधं फुकट. फरक तेवढाच, पण बहुतेकांचा हात आता फुकटाकडे गेला. एक सेंट आणि शून्य यांच्यामधलं अंतर माणसाला एका सेंटपेक्षा पुष्कळ मोठं वाटतं. हे मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, ‘एकाला किती देत होते?’ एकाला एकच, तशी पाटीच होती. ‘मग हिला वेगळं उभं केलं असतं,’ काका म्हणाले.

कोथिंबिरीची एक गोष्टही त्यांची आवडती. २०२४ च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका आईला ब्लिंकिटवरून ऑनलाइन मागवलेल्या भाजीबरोबर कोथिंबिरीचे वेगळे पैसे पडलेले पाहून धक्का बसला. मुलाने ते जाहीर लिहिलं आणि ब्लिंकिटने भाजीवर कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली. काका हे स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रसंगासारखं सांगतात. त्यांना पाणीपुरीही आवडते ती शेवटच्या सुक्या पुरीसाठी. आधीच्या सहा पुऱ्या ते कर्तव्य म्हणून खातात.

याच काकांची दुसरी बाजू बघा. जुडीमागे दहा रुपये वाचतात म्हणून ते मेथीसाठी टळटळीत उन्हात फडके रोड ओलांडून पार पलीकडे जातात. मुलाच्या फ्लॅटचा व्यवहार ठरताना मात्र बिल्डरने ‘इतर चार्जेस’ म्हणून पन्नास हजार वाढवले, तर हेच काका ‘एवढ्या मोठ्या रकमेत काय ते!’ म्हणून मोकळे. बुकिंगवर सोन्याचं नाणं होतं ना. एक ग्रॅमचं. ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली असाच प्रश्न लोकांना घातला होता : पाच डॉलर वाचणार असतील तर वीस मिनिटं गाडी हाकत दुसऱ्या दुकानात जाल का? १५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरवर वाचत असतील तर बहुतेक लोक जायला तयार झाले; कॅल्क्युलेटरच १२५ चा असेल तर बहुतेकांनी नको म्हटलं. पाच डॉलर तेच. म्हणजे डोंबिवलीचे काका अमेरिकेतही आहेत. शिवाय काकांच्या हिशेबात स्वतःचे पाय, स्वतःचा वेळ आणि काकूंची बोलणी या तिन्हींची किंमत कायम शून्य धरलेली असते.

काकांना आजवर एकाच व्यक्तीने हरवलंय, ती म्हणजे बोहारीण. परवा ती जिन्यात बसली होती, पुढ्यात स्टीलची भांडी. काकूंना पातेलं हवं होतं. दोन साड्या आणि काकांची पँट समोर ठेवली. बोहारणीने साड्या चिमटीत धरून बाजूला सारल्या, पँट उजेडात धरली.

‘वहिनी, बसायची जागा विरलीय.’

काका आतून धावत आले. ‘विरलीय कुठे? दोनावर दोन घेतलेली आहे ती!’

‘म्हणूनच विरली,’ बोहारीण म्हणाली.

तिने पातेलं मागे ओढून झाकणाचा छोटा डबा पुढे केला. काकूंनी आत जाऊन काकांचा खजिना आणला : चहाबरोबर, तुपाबरोबर, धुण्याच्या पावडरीबरोबर आलेले प्लास्टिकचे डबे, एकात एक बसवलेले. बोहारणीने वर बघितलंही नाही. ‘ते नको. सगळ्याच घरांतून तेच निघतंय.’ शेवटी काकांच्या लग्नातला कोट आतून आला, तेव्हा पातेलं हाललं. कोट फुकटात मिळालेला नव्हता, सासऱ्यांनी कापड घेऊन शिवून घेतलेला होता. बोहारणीने अस्तर बोटाने चाचपलं आणि काही न बोलता मोठं पातेलं काढून दिलं.

काकांना हा सौदा अजून पटलेला नाही. पातेल्यावर काहीच मिळालं नाही, निदान झाकण तरी द्यायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

ते डबे मात्र तसेच पडून आहेत. कुणाला हवे असतील तर संध्याकाळी सहानंतर काकांकडे जा. फक्त एक डबा मागू नका, त्यांना आवडत नाही. दोन मागा, म्हणजे तिसरा ते आपणहून देतील.