मुख्य विषय टाळा

आमच्या कार्यालयाच्या वेबसाइटवर रमी सुरू झाली आहे, ही बातमी मला पुलगावच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी फोनवर दिली. कसल्याशा दाखल्याचा अर्ज शोधायला ते तिथे गेले होते. म्हणाले, "अर्जाच्या जागी जोकर दिसतोय." मी सवयीने विचारलं, "कोणत्या टेबलवर?"

घडलं होतं ते असं. दहा-बारा वर्षांपूर्वी एका हौशी साहेबांनी कार्यालयासाठी डॉट कॉमवाला पत्ता घेतला होता. पुढे साहेबांची बदली झाली आणि या पत्त्याचं दरवर्षी भाडं भरावं लागतं हे ज्ञानही त्यांच्याबरोबर बदलून गेलं. पत्ता बेवारस झाला, तो कुण्या जुगारवाल्याने उचलला. हा गांधीजींचा जिल्हा, त्यात दारूबंदीचा, आणि आमच्या नावावर टिचकी मारली की 'आजच खेळा, बोनस मिळवा'! बडे बाबू चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आपल्या काळात इतके लोक कधी आले नसतील हो या साइटवर."

कार्यालयाचं नाव विचारू नका. सरकारी आहे, वर्धा जिल्ह्यात आहे आणि माझ्या निवृत्तीला चार वर्षं बाकी आहेत, एवढं पुरे.

नेमका 2025 चा जानेवारी होता. मुख्यमंत्र्यांनी सगळ्या सरकारी कार्यालयांसाठी 100 दिवसांचा सात कलमी कार्यक्रम जाहीर केला आणि पहिलंच कलम निघालं संकेतस्थळ. स्वच्छता, तक्रारींचं निवारण, आलेल्याला बसायला जागा, प्यायला पाणी हे सगळं त्याच्या मागे. ती कलमं आम्हाला कळत होती. स्वच्छता म्हणजे चुना मारणं, आणि चुना कसा लावायचा हे कार्यालयाला शिकवावं लागत नाही. पण संकेतस्थळ? त्यात गुण द्यायला क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी परीक्षा, आणि पहिला पेपर कॉम्प्युटरचा.

साहेबांनी सभा बोलावली. टेबलावर गोरसपाकाच्या बशा आल्या. वर्ध्यात कोणताही गंभीर निर्णय गोरसपाकाशिवाय होत नाही. तो तोंडात असताना माणसाला हरकत घेता येत नाही, हे त्याचं मुख्य कारण. साहेबांनी विचारलं, "वेबसाइटचं कोणाला कळतं?" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागच्या पावसाळ्यात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाटता बाहेर काढला होता, तेव्हापासून मी कार्यालयातला तांत्रिक माणूस आहे. मी नाही म्हणणार होतो, पण तोंडात गोरसपाक होता. मला नोडल अधिकारी नेमलं गेलं. घरी मुलीला अर्थ विचारला. ती म्हणाली, "बाबा, नोड म्हणजे गाठ." ती कुणाच्या गळ्यात बसते ते मला कळलंच होतं.

पहिलं काम, ठेकेदार नेमणं. खरेदी कशी करावी यासाठी शासनाचा 1 डिसेंबर 2016 चा निर्णय आहे. तो नीट वाचला की माणसाची काहीही विकत घेण्याची इच्छाच मरते. काटकसरीचा इतका परिणामकारक ग्रंथ मी दुसरा पाहिला नाही. मोठ्या कामाला त्यात दोन लिफाफ्यांची पद्धत आहे. पहिल्यात ठेकेदाराची लायकी, दुसऱ्यात त्याची किंमत. पहिला पसंत पडला तरच दुसरा उघडायचा. आता लिफाफ्यांचं कौतुक आम्हा वर्धेकरांना जुनं. सेवाग्रामला बापू आलेले लिफाफे उसवून उलटे करायचे आणि आतल्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. आताचे लिफाफे ऑनलाइन उघडतात. त्यांना आतली बाजूही नाही आणि बाहेरचीही नाही. बापूंचा फार खोळंबा झाला असता.

आमचं काम मात्र किरकोळ ठरलं आणि तीन दरपत्रकांवर भागलं. तीन संस्था, तीन रंगांची लेटरहेडं, तीन वळणांच्या सह्या. फक्त तिन्ही कागदांवर वर्ध्याचं 'वर्घा' झालं होतं. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, यांनी 'घ' केला. आणि तोही तीन स्वतंत्र, एकमेकांना न ओळखणाऱ्या संस्थांनी. इतकी एकवाक्यता मी घरातसुद्धा पाहिलेली नाही. लेखा शाखेने तुलनात्मक तक्ता केला, त्यात 'वर्घा' सुधारून 'वर्धा' केलं आणि सर्वांत कमी दरवाल्याला 31 मार्चच्या रात्री कार्यादेश दिला.

ठेकेदार म्हणून नागपूरहून जो आला तो माझ्या मुलीच्या वयाचा पोरगा होता. पाठीवर सॅक, कानात बोंडं. पहिल्या भेटीतच म्हणाला, "टेन्शन नोका घेऊ सर, होऊन जाते." पुढचे सहा महिने मी त्याच्या तोंडून दुसरं वाक्य क्वचितच ऐकलं. दरम्यान 100 दिवस संपले, 1 मेला राज्याचा निकाल लागला. आमची साइट तेव्हा 'काम प्रगतिपथावर' या पाटीपर्यंत पोचली होती. त्या पाटीतला फावडं मारणारा माणूस मात्र हलत होता. सरकार दयाळू असतं. लगेच 150 दिवसांचा कार्यक्रम आला. त्याची मुदत 2 ऑक्टोबर. गांधीजयंतीची मुदत वर्ध्यात चुकवणं म्हणजे आषाढीला पंढरपूर बंद ठेवण्यासारखं.

पोरगा म्हणाला, "सर, कंटेंट द्या." कंटेंट म्हणजे मजकूर, आणि तो कोणता द्यायचा हे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने ठरवून दिलेलं आहे: कलम 4 खाली सतरा बाबी कुणी न मागता जाहीर करायच्या. मी टेबलाटेबलावर फिरलो. न मागता द्यायची माहिती मला मागूनही मिळेना. आस्थापनेच्या मॅडम म्हणाल्या, "लेखी मागा." लेखी मागितल्यावर म्हणाल्या, "आवक नंबर पडू द्या." शेवटी मिळाली ती जुन्या फॉन्टमधली परिपत्रकं. पोरग्याने ती उघडली तर पडद्यावर मराठीऐवजी डॉलर, टक्के, प्रश्नचिन्हं आणि मध्येच एखादा उकार. बडे बाबूंनी ते शांतपणे पाहिलं. "छापील वाचूनही इतकंच कळत होतं," म्हणाले.

मग भाषांतर. साइट मराठी आणि इंग्रजीत हवी होती. पोरग्याने इंग्रजी साचा घेतला आणि मराठीचं काम यंत्राला सांगितलं. यंत्राने रात्रीत सगळं केलं. 'प्रेस रिलीज'चं झालं 'दाबा आणि सोडा'. 'टेंडर'चं झालं 'कोवळे'. 'की कॉन्टॅक्ट्स'ची झाली 'किल्ली संपर्क'. आणि सरकारी साइटवर सगळ्यात वर एक ओळ असते, जिच्या आधारे अंध वाचकाचं यंत्र वरचा पसारा ओलांडून थेट मजकुरावर पोचतं, त्या 'स्किप टू मेन कंटेंट'चं झालं 'मुख्य विषय टाळा'. मी खाडाखोड करून बाकी सगळं दुरुस्त केलं. ही ओळ समितीपुढे ठेवली, तर समितीला त्यात चूक सापडेना. "कार्यालयाचं ब्रीदवाक्य असायला हरकत नाही," साहेब म्हणाले. ते थट्टेत म्हणाले की नाही हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही, म्हणून ती तशीच राहिली.

सुरक्षा तपासणीही झाली. तपासनीसाने दोन दिवस साइट उलटीपालटी केली. त्याच्या अहवालातला पहिला मुद्दा असा की संकेतस्थळाचा पासवर्ड नोडल अधिकाऱ्याच्या टेबलाच्या काचेखाली, गजानन महाराजांच्या फोटोशेजारी ठेवलेला आहे. मी त्याला म्हटलं, त्याहून सुरक्षित जागा मला माहीत नाही.

शेवटच्या आठवड्यात पोरग्याने एक नाजूक प्रश्न विचारला. "सर, भेट देणाऱ्यांचा काउंटर कितीपासून सुरू करू?" मला वाटलं, शून्यापासून. तो हसला. "शून्य बरं नाही दिसत. सारेच लाखापासून करतात." लाख मला जडच वाटले. शेवटी लग्नातल्या आहेरासारखे एक हजार एक ठरले.

मला स्वतःला रात्री झोप येत नसे. मुलीने धीर दिला. अमेरिकेने 1 ऑक्टोबर 2013 रोजी आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट सुरू केली, तेव्हा अख्ख्या देशातून लाखो लोक तुटून पडले आणि पहिल्या दिवशी नोंदणी पुरी झाली ती सहा जणांची. मला फार बरं वाटलं. आमच्याकडे तर पहिल्याच मिनिटाला एक हजार एक होते.

उद्घाटन झालं. नारळ कशावर फोडायचा यावर थोडा खल झाला. हळद मात्र वायगावची, भौगोलिक मानांकनवाली. ती लॅपटॉपला इतक्या भक्तिभावाने वाहिली गेली की साहेबांनी दाबलेलं एंटरचं बटण वर आलंच नाही आणि मुखपृष्ठ एकामागून एक उघडतच राहिलं. टाळ्या थांबेनात. काउंटर एका मिनिटात बाराशेच्या वर गेला.

आठवड्याने एक म्हातारेबुवा आले. आष्टीचे. आर्वीला बस बदलून, धोतर सावरत, काखेत कापडी पिशवी. माझ्यासमोर बसले आणि पिशवीतून कागद काढले. अर्ज दोन प्रतींत. आधारची झेरॉक्स. सातबारा. फोटो जागेवर चिकटवलेला. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्या खेपेला पूर्ण कागद घेऊन आलेला माणूस मी पाहिला नव्हता. मी चाचरत विचारलं, "बाबा, हे सगळं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या वेबसाइटवर नंबर होता ना जी, त्यावर फोन लावला. नातवानं लावून देल्ला. एकजण लय चांगला बोलला पाहा. काय काय लागते सारं सांगतलं. मंग गाव इचारलं. म्या सांगतलं तं म्हणे, बाबा, हे गाव आमच्या तालुक्यात नाही, तुमची आष्टी वर्ध्याची, आमची बीडची. पण कागद सारखेच लागतात म्हणे, घेऊन जा."

मी लॅपटॉप उघडला. आणि मला घाम फुटला. पोरग्याने तालुक्यांची पानं इंटरनेटवरून गोळा केली होती. आमच्या आठ तालुक्यांपैकी तिघांचे जुळे भाऊ महाराष्ट्रात आहेत, हे मी त्याला सांगायचं विसरलो होतो. आष्टी आमची आणि बीडची. सेलू आमचं आणि परभणीचं. कारंजा आमचं घाडगे, वाशिमचं लाड. तिन्ही पानांवर परक्यांचे फोटो, परक्यांचे फोन नंबर. वर्धा, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर आणि आर्वी तेवढे आपापल्या जागी होते.

खरं म्हणजे हा धडा या जिल्ह्याने एकदा गिरवलेला आहे. 1936 मध्ये गांधीजी ज्या खेड्यात राहायला गेले त्याचं नाव सेगाव. तिकडे बुलडाण्यात, मुंबई-नागपूर रेल्वेवर, गजानन महाराजांचं शेगाव. बापूंचं टपाल वारंवार महाराजांच्या गावी जाऊन पडायचं. शेवटी 1940 मध्ये खेड्याचं नाव सेवाग्राम केलं आणि पत्रं घरी यायला लागली. निविदा नाही, समिती नाही, काउंटर नाही. पत्र ज्याचं त्याला मिळेना म्हणून एक नाव बदललं. जिल्ह्यातलं पहिलं अपग्रेड ते. आमच्यात आणि त्याच्यात फरक एवढाच, की त्यांनी आधी पत्र कुठे चुकतं ते पाहिलं. आम्ही सहा महिने फॉन्ट, फोटो, काउंटर आणि हळद सगळं पाहिलं. फोन कोण उचलेल हे कुणी पाहिलं नाही. त्या अर्थाने ती वरची ओळ बरोबरच होती.

बाबांचं काम दहा मिनिटांत झालं. जाताना म्हणाले, "चांगली आहे जी तुमची वेबसाइट."

मी पोरग्याला फोन लावून तिन्ही पानं दुरुस्त करायला सांगितलं. म्हणाला, "टेन्शन नोका घेऊ सर." नंबर कोणाचा टाकायचा हा प्रश्न आला तेव्हा सभेत पुन्हा गोरसपाक होता. त्यामुळे तिन्ही तालुक्यांना माझ्याच टेबलाचा नंबर लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तो वाजायला लागला. त्या फोनला असा आवाज आहे हे आमच्यापैकी निम्म्यांना माहीतच नव्हतं. दुपारपर्यंत माझा चहा दोनदा गार झाला. बडे बाबू खुर्ची सरकवत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "थो बीडवाला नंबर परत टाकता नाही येणार का?"

तेवढ्यात पुन्हा वाजला. उचलला.

"हॅलो, सेलूचं ऑफिस का? मी परभणीहून बोलतोय."

तुमचं सेलू हे नव्हे, असं सांगून ठेवणारच होतो. मग त्या आष्टीच्या पिशवीतले कागद आठवले, जागेवर चिकटवलेला फोटो आठवला. हाताशी कोरा कागद नव्हता. सकाळच्या टपालातला एक लिफाफा उसवला, उलटा केला आणि पेनचं टोपण काढलं.

"बोला," मी म्हणालो. "गाव कोणतं तुमचं?"