अमेरिकी काँग्रेसच्या सन्माननीय सदस्यांस



तुमचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. ही बातमी तुम्हाला दरवेळी उशिरा का कळते, असे आम्ही विचारणार नाही. खर्चाची मंजुरी वेळेत न झाल्याने सरकारी कचेऱ्या बंद ठेवण्याचा, म्हणजे शटडाऊनचा, २०१८-१९ चा आपलाच ३५ दिवसांचा विक्रम २०२५ मध्ये ४३ दिवस गाठून मोडलात, त्याबद्दल आधी अभिनंदन.

तुमचा न्यायही थोर. विमाने सुखरूप उतरवणारे लोक ‘अत्यावश्यक’, म्हणून त्यांनी बिनपगारी राबायचे. ज्यांच्यावाचून अडत नाही त्यांनी घरी बसायचे, तेही बिनपगारी. ज्यांच्यामुळे सगळे अडले त्या तुमचा पगार मात्र चालू, कारण त्याला दरवर्षीच्या मंजुरीची गरजच नाही. मग २०१९ मध्ये कायदा केलात की थकलेला पगार नंतर सर्वांना मिळेल. म्हणजे आधी माणसाला घरी बसवायचे, मग घरी बसल्याचा पगार मोजायचा आणि याला काटकसर म्हणायचे! त्या ३५ दिवसांत अर्थव्यवस्थेचे सुमारे ३ अब्ज डॉलर कायमचे बुडाले, असा तुमच्याच बजेट ऑफिसचा अंदाज. भांडण होते ट्रम्पसाहेबांच्या मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठीच्या ५.७ अब्जांचे. निम्मी मागणी बुडालेल्या पैशांतच भागली असती की हो.

पूर्वी मंजुरी लांबली तरी कचेऱ्या बहुधा चालूच राहत. १९८० मध्ये ॲटर्नी जनरल सिव्हिलेटी यांनी जुन्या कायद्यावर बोट ठेवले: पैसा मंजूर नाही, तर काम नाही. त्यांनी दिलेल्या कुलपाचा तुम्ही शस्त्र म्हणून केलेला उपयोग पाहण्यासारखा आहे. १९९५ च्या शटडाऊनच्या वेळी तर राष्ट्राध्यक्षांच्या एअर फोर्स वन विमानाच्या मागच्या दाराने उतरवले म्हणून सभापती गिंग्रिच चारचौघांत चिडले होते. लग्नात मानपानावरून रुसलेले व्याही आम्ही खूप पाहिलेत, पण त्यांच्यापायी कुणाचा पगार अडल्याचे ऐकिवात नाही.

एकच सूचना. पुढच्या खेपेला स्वतःलाही ‘अत्यावश्यक’ जाहीर करा. नियम तयारच आहेत: हजेरी सक्तीची, पगार मागाहून. २०२५ मध्ये सप्टेंबरात पांगलेले प्रतिनिधिगृह मतदानाला उगवले ते थेट १२ नोव्हेंबरला, तशी सोय मात्र यात नाही.

उत्तर टपालाने पाठवावे. तुमचे पोस्ट खाते स्वतःच्या कमाईवर चालते, त्यामुळे ते उघडे असेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वर्तमानपत्र वाचणारा