हसू आलं, पण पटलं नाही

विडंबनपट पाहायला बसलेल्या माणसाइतका गंभीर प्रेक्षक जगात सापडायचा नाही. कीर्तनात तो खुशाल डुलक्या काढील. पण समोरच्या थट्टेत कथानकाला भोक दिसलं, की टक्क जागा.

१९६७चा 'कसिनो रोयाल' घ्या. डॅनियल क्रेगचा नव्हे. तो २००६चा, त्यात बाँड एकच आहे. यात शत्रूला चकवण्यासाठी सगळ्याच हेरांना जेम्स बाँड हे नाव दिलं जातं, बायकांसकट. निर्माता चार्ल्स फेल्डमनकडे इयान फ्लेमिंगच्या पहिल्या बाँड-कादंबरीचे हक्क होते. शॉन कॉनरी मात्र नव्हता. मूळ बाँडपटवाल्यांशी सूत जमेना. तेव्हा खरा बाँड करता येत नाही तर त्याची टर उडवू, असं ठरलं. त्यासाठी पडद्यावर नाव लागलेले दिग्दर्शकच पाच. पीटर सेलर्स आणि ऑर्सन वेल्स यांचं तर इतकं बिनसलं, की जुगाराच्या एका टेबलाशी समोरासमोर बसलेले हे दोघे बरेचसे वेगवेगळे चित्रित करावे लागले. वाटणीनंतर दोन भावांनी ओसरीच्या मधोमध भिंत घालावी, तसा तो प्रवेश आहे. पुढे सेलर्स काम अर्धवट टाकून निघून गेला आणि त्याच्या नसण्याभोवती उरलेला सिनेमा शिवण्यात आला.

आता यावर प्रेक्षकांचं म्हणणं ऐका.

पहिला हिशेबनीस. 'लंडनच्या भर वस्तीत उडती तबकडी उतरते आणि पोलीस काय करत होते?' हा त्याचा सवाल. याच गृहस्थाने त्याच वर्षीचा अस्सल बाँडपट, 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस', विनातक्रार पाहिलेला असतो. त्यात जपानमधला ज्वालामुखी आतून पोकळ करून खलनायकाने अग्निबाणांचा तळ थाटलाय, आणि त्याचं यान दुसऱ्या देशांची अंतराळयानं अख्खी गिळतं. सहा फूट दोन इंची स्कॉटिश कॉनरी किंचित रंगरंगोटीत जपानी कोळी म्हणून खपून जातो, तेही याला पटतं. कारण तिथे कुणी हसत नाही! सरळ चेहऱ्याने थाप मारली की ती कथा, हसत मारली की तर्काचा अभाव.

दुसरा जाणकार. याला सगळं 'मुद्दाम' वाटतं. मध्येच संपणारे प्रवेश, गायब होणारी पात्रं, शेवटच्या हाणामारीत घुसलेले काउबॉय आणि सील मासे, सगळं मुद्दाम. विस्कळीतपणा म्हणजे म्हणे शीतयुद्धकालीन वास्तवावरचं भाष्य. अहो, नट निघून गेला होता! शीतयुद्ध होतं ते सेलर्स आणि वेल्समध्ये. पण 'कॅम्प' (म्हणजे जाणूनबुजून केलेला भडकपणा) हा शब्द एकदा हाताशी आला, की फसलेल्या सिनेमाला उंची येते आणि तो न आवडलेला माणूस आपोआप अडाणी ठरतो. ही सोय मला आमच्या लेखनासाठीही हवी आहे.

तिसरे म्हणतात, 'त्या काळाच्या मानाने पाहा.' त्या काळाच्या मानानेही समीक्षकांनी तो धुतलाच होता. तिकिटं खपली, हा भाग वेगळा. पैसे देऊन नाक मुरडण्याची परंपरा जुनीच आहे.

एका आक्षेपापुढे मात्र माझी बोलती बंद होते, आणि तो बहुधा बायकांकडून येतो. खलनायक डॉ. नोहाचा बेत असा, की रोगजंतू सोडून जगातल्या सगळ्या बायका सुंदर करायच्या आणि साडेचार फुटांहून उंच पुरुष मारून टाकायचे. पुरुषी दिवास्वप्नाची यापेक्षा नेमकी चिरफाड क्वचितच झाली असेल. डॉ. नोहा झालेल्या वुडी ॲलनसारख्या किरकोळ देहयष्टीच्या माणसाच्या तोंडी ती शोभतेही. पण बाँडच्या नजरेची टिंगल करणारा कॅमेरा स्वतः तीच नजर लावून बसलेला असतो, त्याचं काय? याला 'मुद्दाम' हे उत्तर चालत नाही.

खरा समाधानी प्रेक्षक एकच: ज्याने फक्त तबकडी घेतली. उडती नव्हे, गाण्यांची. बर्ट बाकाराकचं संगीत आणि डस्टी स्प्रिंगफिल्डने गायलेलं 'द लुक ऑफ लव्ह' (त्या गाण्याला ऑस्करचं नामांकन होतं) ऐकत तो डोळे मिटून बसतो. सिनेमा पाहण्याची ही पद्धत मला सर्वांत समंजस वाटते.

माझं मत विचाराल, तर चित्रपट फसलेला आहे आणि फसलेला म्हणूनच पाहण्याजोगा आहे. त्याला थोर ठरवायची गरज नाही. १३१ मिनिटांपैकी वेल्सचे जादूचे प्रयोग आणि वुडी ॲलनचे प्रवेश तेवढे चुकवू नका. मध्ये चहा टाकायला उठलात तरी चालेल. परत आल्यावर काय चुकलं, हे कुणालाही विचारू नका. बसून राहिलेल्यांनाही ते ठाऊक नसतं.